धैर्य कामगारांचे, कर्तव्य कोणाचे?

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू झाला, तेव्हा उद्घोषक विष्णू झेंडे ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना बाहेर पडण्याचा मार्ग सांगत राहिले. कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी सुमारे वीस गर्भवती स्त्रियांना आतल्या लहानशा खोलीत हलवून वाचवले. ताजमहाल हॉटेलातील कित्येक कर्मचाऱ्यांनी पाहुण्यांचे रक्षण करताना प्राण गमावले. या सर्वांचा गौरव झाला, तो उचितच होता. परंतु गौरवाच्या गजरात एक प्रश्न विरून गेला. अशा प्रसंगाची पूर्वतयारी करून ठेवण्याची जबाबदारी कोणाची?

अमेरिकेत बंदुका सहज मिळत असल्यामुळे हा प्रश्न अधिक तीव्र आहे. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे २६ मे २०२१ रोजी सार्वजनिक वाहतूक संस्थेच्या रेल्वे यार्डात एका कर्मचाऱ्याने आपल्याच नऊ सहकाऱ्यांना ठार केले. पुढे त्या राज्याने कायदा केला आणि १ जुलै २०२४ पासून बहुतेक मालकांवर बंधन आले. धोक्याची सूचना सर्वांपर्यंत कशी पोचेल, बाहेर कसे पडावे, आश्रय कोठे घ्यावा, याचा लेखी आराखडा हवा; दरवर्षी प्रशिक्षण हवे; हिंसक घटनांची नोंदवही हवी. मुख्य म्हणजे हा आराखडा कामगार व त्यांचे प्रतिनिधी यांच्या सहभागानेच करावयाचा असून, धोक्याची तक्रार करणाऱ्यावर सूड उगवण्यास मनाई आहे.

'पळा, लपा आणि दुसरा इलाजच उरला नाही तर प्रतिकार करा' हे तेथे रूढ झालेले सूत्र होय. ते योग्य आहे, परंतु अपुरे आहे. मागचे दार चोरीच्या भयाने कुलूपबंद असेल तर पळावयाचे कोठे? खोलीला आतून कडीच नसेल तर लपावयाचे कसे? काल कामावर आलेल्या कंत्राटी सफाई कामगाराला जिन्याची वाट कोणी दाखवली? दार, कडी आणि शिक्षण या तिन्ही गोष्टी मालकाच्या हाती आहेत. त्यांवरचा खर्च वाचवून कामगाराच्या शौर्यावर विसंबणे म्हणजे नफा आपल्याकडे ठेवून जोखीम दुसऱ्याच्या गळ्यात घालणे होय.

तयारी म्हणजे पूर्वसूचनेवाचून घडवलेले भीतिनाट्य नव्हे, की सुरक्षेच्या नावाखाली कामगारांवर पाळत ठेवण्याचा परवानाही नव्हे. आगीच्या कवायतीप्रमाणे ती शांतपणे, वारंवार आणि कायम-कंत्राटी असा भेद न करता झाली पाहिजे. कामगार संघटनांनी वेतन व बोनस यांच्या बरोबरीने ही मागणीही वाटाघाटींच्या मेजावर ठेवावी. कामगाराच्या स्मृतीला पुष्पचक्र वाहण्यापेक्षा त्याच्यासाठी एक दार उघडे ठेवणे अधिक मोलाचे आहे.