सेवेची वर्षे कोणाच्या खाती?

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि त्याबरोबर 'आशा' हा शब्द खेड्यापाड्यांत पोहोचला. हजार लोकवस्तीमागे एक स्त्री, त्याच गावची, विवाहित, विधवा वा परित्यक्ता, वयाने २५ ते ४५ च्या दरम्यानची, अशी निवडीची अट होती. पुढच्या तीन-चार वर्षांत महाराष्ट्रात या स्त्रियांची निवड झाली. तेव्हा तिशी-पस्तिशीत असलेल्या त्या आशा आज पन्नाशीच्या घरात आहेत. गुडघे दुखू लागले आहेत, डोळ्यांना चष्मा लागला आहे, मुलांची शिक्षणे कर्जावर चालली आहेत. अशा वेळी त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो. गावात आशा म्हणूनच राहावे, की तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या रुग्णालयात कंत्राटदारामार्फत कक्षसेविका म्हणून लागावे?

प्रश्न वरकरणी घरगुती वाटतो. नवरा-बायकोने चुलीशी बसून सोडवावा, एवढाच. कार्यकर्त्याकडे तो आलाच, तर बहुधा दोन ठरीव उत्तरे मिळतात. एक म्हणतो, जिथे चार पैसे अधिक तिथे जावे. दुसरा म्हणतो, गावाने विश्वास टाकला आहे, तो मोडू नये. दोन्ही उत्तरे सद्भावनेची आहेत; पण दोन्हींत मूळ प्रश्न निसटतो. पन्नाशीच्या कष्टकरी स्त्रीला महिन्याच्या पैशाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, काळजी असते ती हातपाय चालेनासे झाल्यावर काय, याची. या कसोटीवर दोन्ही कामे घासून पाहिली पाहिजेत.

आधी आशाचे काम पाहू. बाळ रुग्णालयात जन्मले असेल, तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिने त्या घरी जायचे. बाळाचे वजन करायचे, ताप पाहायचा, अंगावर दूध नीट पिते की नाही ते पाहायचे, आईची विचारपूस करायची आणि हे सारे नोंदवायचे. या सहा फेऱ्या पुऱ्या झाल्या म्हणजे २५० रुपये. घरोघर जाऊन नवजात बालकाची काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांच्या हातून सिद्ध केली आणि १९९९ साली तिचे निष्कर्ष जगापुढे आले. म्हणजे या कामाने बालमृत्यू घटतात, हे महाराष्ट्राच्या मातीतच दिसून आले आहे. लसीकरण, क्षयरुग्णांची औषधे, गरोदर स्त्रीला रात्री-अपरात्री दवाखान्यात नेणे आणि २०२० साली करोनाच्या भयात दारोदार केलेली पाहणी, हेही त्याच खांद्यांवर. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातील आशांचा गौरव केला.

गौरव झाला; वेतन मात्र झाले नाही. नित्याच्या कामांसाठी केंद्राचा दरमहा मोबदला २०१८ साली १,००० वरून २,००० रुपये झाला आणि २०२५ साली ३,५०० वर गेला. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२३ मध्ये आशांनी संप केला, जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा केला, मुंबईच्या आझाद मैदानात दिवसच्या दिवस ठाण मांडले. तेव्हा कोठे मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मासिक मानधनात ५,००० रुपयांची वाढ मान्य केली. या लढ्याचे मोल मोठे आहे. परंतु वाढले ते मानधन. काम थांबेल त्या दिवसासाठी काय? दहा वर्षे काम करून बाहेर पडणाऱ्या आशेला पूर्वी एकरकमी २०,००० रुपये मिळत. २०२५ मध्ये ते ५०,००० करण्यात आले. २०२४ पासून आयुष्मान योजनेखाली इस्पितळातील उपचारांचे संरक्षण मिळाले. निवृत्तिवेतन नाही, उपदान नाही.

आता दुसरे काम. रुग्णालयातील कक्षसेविकेला लोक 'मावशी' म्हणतात. रुग्णाला उठवणे-बसवणे, कूस बदलणे, मलमूत्राची भांडी उचलणे, रक्ताने भरलेल्या चादरी गोळा करणे, स्ट्रेचर ढकलणे, तीन पाळ्यांत जागणे. पन्नाशीच्या कंबरेला हे काम गावातल्या पायपिटीहून जड जाते. सुई टोचण्याचे भय वेगळेच. तरीही ते ओढ लावते, आणि ते समजण्यासारखे आहे. तिथे हजेरीपट असतो, निदान कागदावर किमान वेतन असते, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो आणि दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना राज्य कामगार विम्याचे छत्र असते. पाच वर्षे विमाधारक राहून वयोमानाने निवृत्त झालेल्या कामगाराला नाममात्र वार्षिक वर्गणीवर पुढेही उपचार मिळू शकतात. म्हणजे 'स्वयंसेविका' हा शब्द टाकून ती तिथे 'कामगार' होते.

परंतु किती उशिरा होते, ते आकड्यांत पाहिले पाहिजे. समजा, एक स्त्री २००८ साली तेहतिसाव्या वर्षी आशा झाली. शासनाच्या कायम चतुर्थश्रेणी पदाचा विचार तिने आता करूच नये. कारण सरळसेवा भरतीची कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गांना ४३ आहे. ते दार ती आशा असतानाच बंद झाले. २०१९ साली असंघटित श्रमिकांसाठी प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन ही निवृत्तिवेतनाची योजना आली. तिच्यात प्रवेशाचे वय १८ ते ४०. त्या वर्षी ही स्त्री चव्वेचाळीस वर्षांची होती. तेही दार बंद. आज पन्नाशी ओलांडून ती कंत्राटी कक्षसेविका झाली, तर भविष्यनिर्वाह निधीशी जोडलेल्या १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत तिचे नाव लागते. पण त्या योजनेखाली मासिक निवृत्तिवेतन मिळण्यास दहा वर्षांची पात्र सेवा लागते आणि सेवेची मोजणी सर्वसाधारणपणे वयाच्या ५८ व्या वर्षी थांबते. सहा महिन्यांचे पूर्ण वर्ष धरण्याची सवलत जमेस धरली, तरी साडेअठ्ठेचाळीस वर्षे वयानंतर पहिल्यांदाच सभासद झालेल्या व्यक्तीच्या दहा वर्षांचा हिशेब बसत नाही. तिच्या हाती पडते ती थोडी एकरकमी परतफेड. आणि ज्यासाठी ही दहा वर्षांची अट, ते किमान निवृत्तिवेतन तरी किती? सप्टेंबर २०१४ मध्ये ते दरमहा १,००० रुपये ठरले.

उपदानाची, म्हणजे ग्रॅच्युइटीची, कथा निराळी नाही. नियम पाच वर्षांच्या सलग सेवेचा. रुग्णालय तेच राहते, खाटा त्याच राहतात, मावशीही तीच राहते; बदलतो तो कंत्राटदार. निविदा नवी निघाली की हजेरीपट नवा आणि नव्या मालकाच्या वहीत तिची सेवा पहिल्या दिवसापासून सुरू होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने मुदतबंद नेमणुकीवरील कामगाराला एका वर्षाच्या सेवेनंतर उपदान देऊ केले आहे. पण कंत्राटदाराने नेमणूकपत्रच दिले नसेल, तर मुदतबंद नेमणूक सिद्ध कशी करायची? त्याच दिवशी लागू झालेली संहिता प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्या म्हणते. ते मागण्याचे बळ एकटीदुकटीला कोठून येणार?

तेव्हा दोन कामांतील निवड ही खरी निवड नव्हे. एका वाटेवर अठरा वर्षांचे श्रम आहेत, पण ते सेवा म्हणून मोजले जात नाहीत. दुसऱ्या वाटेवर सेवा मोजली जाते, पण मोजायला वर्षे उरलेली नाहीत. कायदा श्रमाची वर्षे मोजत नाही. अमक्या मालकाच्या अमक्या हजेरीपटावरील वर्षे मोजतो. जिने आरोग्यव्यवस्थेचेच काम आधी गावात आणि मग रुग्णालयात केले, तिचे आयुष्य या दोन वह्यांच्या मधल्या फटीत पडून जाते.

ही फट आजची नाही. १९७० साली जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या साध्या, पुष्कळशा निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून उभे केले आणि त्या काय करू शकतात हे साऱ्यांना दाखविले. पुढे २ ऑक्टोबर १९७७ रोजी जनता सरकारने देशव्यापी जनआरोग्यरक्षक योजना सुरू केली. आरोग्यमंत्री होते राजनारायण, समाजवादी चळवळीतले. 'लोकांचे आरोग्य लोकांच्या हाती' ही त्या योजनेमागील कल्पना थोर होती. पण रक्षकाला द्यायचे ठरले ते दरमहा ५० रुपयांचे मानधन. तो नोकर नव्हे, समाजाचा स्वयंसेवक, असे सांगितले गेले. अधिकाऱ्याला वेतन, डॉक्टरला वेतन, शिपायाला वेतन. आणि या साखळीच्या शेवटच्या कडीला तेवढे मानधन, ही रीत तेथे रूढ झाली. समाजवादी मंत्र्याच्या खात्यातून ती निघाली, म्हणून तिच्याविरुद्ध बोलण्याची जबाबदारी समाजवादी कार्यकर्त्यांवर अधिकच येते. सेवाभाव ही माणसाची श्रीमंती आहे. पण मालकाने सेवाभावाच्या नावाखाली मजुरी कापली, तर ती शुद्ध पिळवणूक होते, मग तो मालक सरकार का असेना.

आशा हे काही तासांचे ऐच्छिक काम आहे, असा युक्तिवाद अजूनही केला जातो. अंगणवाडी सेविकांबाबत नेमके हेच म्हटले जात असे. एप्रिल २०२२ मध्ये गुजरातमधील अंगणवाडी सेविकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना उपदानाचा हक्क आहे असा निर्णय दिला आणि मानधन हेही वेतनच, असे मानले. त्याआधी, २०१३ च्या पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने योजनाकर्मींना कामगार म्हणून मान्यता, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस केली होती. त्या परिषदेत सरकार, मालक आणि कामगार संघटना असे तिन्ही पक्ष बसले होते. तरीही शिफारस कागदावरच राहिली आणि २०१५ नंतर दशकभर ही परिषदच भरविण्यात आली नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. एवढ्या स्त्रियांना सेवाकाळाचे हक्क दिले तर तिजोरी कशी पुरेल? आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. राज्यावर कर्जाचा भार आहे. पण पैसा आजही कोणीतरी भरतोच आहे. वृद्ध आशेला तिच्या मुलाने सांभाळावे, त्यासाठी त्याने आपले शिक्षण सोडावे, सुनेने मजुरीला जावे, असा तो भरणा होतो. तिजोरी वाचत नाही. तिजोरीचा बोजा गरिबाच्या चुलीवर ढकलला जातो एवढेच.

मग मार्ग कोणता? तो परदेशातून आणण्याची गरज नाही. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. हमालाला एक मालक नसतो. सकाळी एका पेढीवर, दुपारी दुसऱ्या. 'माझा कामगार नव्हे' असे म्हणायला प्रत्येक व्यापारी मोकळा होता. कायद्याने त्यावर उपाय काढला तो असा की, नोंदणी मंडळाकडे व्हावी. मालकांनी मजुरी व तीवरील लेव्ही मंडळात भरावी. आणि भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा मंडळाने द्यावी. मालक कितीही बदलोत, कामगाराची वर्षे कामगाराच्याच खाती राहिली. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी आणि पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने हमालाला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, तिच्या मुळाशी हे तत्त्व होते. पुढे १९८१ च्या कायद्याने खासगी सुरक्षारक्षकांनाही असेच मंडळ मिळाले.

आरोग्यसहायक श्रमिकांसाठी असे मंडळ का नसावे? आशा, गटप्रवर्तक, उपकेंद्रातील स्त्री परिचर, रुग्णालयातील कंत्राटी मावशी, घरी जाऊन रुग्ण सांभाळणारी बाई, या साऱ्यांची एकच नोंदणी व्हावी. शासन, रुग्णालये आणि कंत्राटदार यांनी मंडळात वर्गणी भरावी. आशा म्हणून केलेली मागची वर्षे सेवा म्हणून जमेस धरावीत; कारण त्यांची नोंद प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दप्तरात आहेच. मोबदला देताना प्रत्येक फेरी मोजणाऱ्या शासनाला ती वर्षे मोजता येणार नाहीत, असे कोण म्हणेल? माथाडी मंडळांत दोष शिरले नाहीत असे नाही. पण दोष कारभारात शिरले. वर्षे श्रमिकाच्या मागून चालावीत, हे तत्त्व त्यामुळे खोटे ठरत नाही.

हे मंडळ उद्या मिळणार नाही. तोवर दारी आलेल्या आशेला कार्यकर्त्याने निदान पुरता हिशेब मांडून द्यावा. दहा वर्षे भरण्यापूर्वी काम सोडले तर ५०,००० रुपये बुडतात, हे तिला सांगावे. वय साडेअठ्ठेचाळीसच्या आत असेल, तर भविष्यनिर्वाह निधीच्या सभासदत्वाला अर्थ आहे आणि मग उशीर करू नये. ते उलटून गेले असेल, तर निवृत्तिवेतनाच्या आशेवर गाव सोडू नये. विमा, वेतन आणि शरीराची ताकद एवढेच पाहून ठरवावे. कंत्राटी काम घेतलेच तर पहिल्याच आठवड्यात नेमणूकपत्र मागावे, दर महिन्याला निधीचे पासबुक तपासावे, विम्याचे कार्ड हाती घ्यावे. आणि हे तिने एकटीने मागू नये. त्या रुग्णालयातील साऱ्या मावशींनी मिळून मागावे.

आशांची संघटना गावात आहे, कंत्राटी कामगारांची रुग्णालयात. दोघींच्या सभा वेगळ्या, मागण्यांची पत्रके वेगळी, नेतेही वेगळे. पण पन्नाशीत एकीतून उठून दुसरीत जाणारी स्त्री एकच आहे. येत्या तालुका मेळाव्यांत दोन्ही संघटनांना एका सतरंजीवर बसवून मागच्या वर्षांच्या सेवागणनेचा ठराव करून घेणे, हे काम छोटे आहे आणि ते लगेच हाती घेण्याजोगे आहे.