अभयारण्याची सीमा आणि भरतीचे पाणी

नवी मुंबईला अलीकडे 'फ्लेमिंगो सिटी' म्हणवून घेण्यात धन्यता वाटू लागली आहे. चौकाचौकांत गुलाबी पक्ष्यांची शिल्पे उभी राहिली, भिंतींवर त्यांची चित्रे रंगली. एखाद्या नगराने पक्ष्याला आपले मानचिन्ह करावे, ही आनंदाचीच गोष्ट. परंतु ज्याला मानचिन्ह म्हणायचे, त्याचा मान राखण्याचे दायित्वही त्यासोबत येते. २०२४ च्या पूर्वार्धात नेरुळच्या डीपीएस तलावात भरतीचे पाणी येण्याच्या वाटा बुजल्या, तलाव कोरडा पडत गेला आणि त्या परिसरात रोहित पक्षी मरून पडू लागले. चौकातील धातूचा रोहित सुरक्षित आणि तळ्यातील जिवंत रोहित निराधार, असे ते चित्र होते. त्याच वर्षी २० मेच्या रात्री मुंबईत उतरू पाहणाऱ्या एका विमानाची रोहितांच्या थव्याला धडक बसली आणि घाटकोपर परिसरात ३९ पक्ष्यांचे मृतदेह सापडले. या घटनांकडे सुटे अपघात म्हणून पाहून चालणार नाही. त्या निमित्ताने ठाणे खाडीच्या संरक्षणाचा मूळ प्रश्न नीट समजून घेतला पाहिजे.

वस्तुतः कागदावर ठाणे खाडीला कशाचीही उणीव नाही. २०१५ साली राज्य शासनाने ऐरोली आणि वाशी पुलांच्या दरम्यानचे सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित केले. त्यात ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर जलक्षेत्र आहे. मालवणनंतरचे हे महाराष्ट्रातील दुसरे सागरी अभयारण्य. २०२२ साली या खाडीची नोंद रामसर यादीत झाली. १९७१ साली इराणमधील रामसर येथे झालेल्या करारानुसार जगभरातील महत्त्वाच्या पाणथळ जागांना हा दर्जा दिला जातो. नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांच्यानंतर तो मिळवणारे हे राज्यातील तिसरे स्थळ. शिवाय २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांचा विध्वंस म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत अधिकाराचा भंग असल्याचा निःसंदिग्ध निर्वाळा दिला. दोन कोटी लोकवस्तीच्या महानगर प्रदेशाच्या मध्यभागी एवढे संरक्षण लाभलेली खाडी जगात विरळाच. मग तरीही पक्षी का मरतात?

या प्रश्नाचे उत्तर भरती-ओहोटीच्या साध्या नियमात दडलेले आहे. ओहोटी लागली की खाडीचा चिखल उघडा पडतो आणि तो रोहितांचे भोजनपात्र होतो. मान खाली घालून, चोच उलटी धरून हा पक्षी चिखलपाणी गाळतो. छोटा रोहित प्रामुख्याने नीलहरित शैवालावर जगतो, तर मोठा रोहित सूक्ष्म कवचधारी जीव आणि किडेही टिपतो. याच अन्नातील रंगद्रव्यांमुळे त्याच्या पिसांवर गुलाबी झळाळी चढते. परंतु दिवसातून दोनदा भरती येते आणि हे ताट पाण्याखाली जाते. त्या काही तासांत या लांब पायांच्या पक्ष्याला उथळ, शांत पाण्याचा विसावा लागतो. तो त्याला कुठे मिळतो? अभयारण्याच्या सीमेत नव्हे, तर सीवूड्स, नेरुळ, उरण या बाजूच्या पाणथळींमध्ये. एनआरआय संकुल आणि टी. एस. चाणक्य यांच्या लगतची तळी, डीपीएस तलाव, उरणकडील पाणजे, बेलपाडा, भेंडखळ ही त्यांची विश्रांतीस्थाने. म्हणजे आपण पक्ष्याचे ताट सुरक्षित केले, पण त्याचे अंथरूण मात्र भूखंड म्हणून मोजायला घेतले! नकाशावरची रेषा माणसाला समजते. भरतीच्या पाण्याला आणि पक्ष्याला ती समजत नाही.

या पाणथळींचे मरण मोठे विलक्षण असते. तेथे कुऱ्हाड चालत नाही, आग लागत नाही, बातमीही होत नाही. एखादा रस्ता होतो, एखादा भराव पडतो, पाणी आत येण्याची मोरी बुजते, एवढेच. पुढचे काम ऊन करते. काही महिन्यांत तळ्याची जमीन होते आणि वर्षभरात 'येथे पाणथळ होतीच कुठे?' असा प्रश्न साळसूदपणे विचारता येतो. त्यात २०१७ च्या पाणथळ संवर्धन नियमांनी मिठागरे आणि विशिष्ट कारणांसाठी बांधलेले जलाशय आपल्या व्याख्येतून वगळले आहेत. त्यामुळे एखादे तळे निसर्गनिर्मित की मानवनिर्मित, याचा कीस काढण्यात कार्यालये गुंतून राहतात. पक्ष्यांच्या दृष्टीने या वादाला काडीचाही अर्थ नाही. पाणी आहे की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न असतो.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. पक्ष्यांसाठी नगरांचा विकास थांबवायचा काय? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. मुंबई परिसरात राहणाऱ्या माणसालाही रस्ते, रेल्वे आणि घरे हवीच आहेत. प्रत्येक प्रकल्पाला विरोध हाच ज्यांचा पर्यावरणविचार आहे, त्यांच्यापाशी या प्रश्नाचे उत्तर नाही. परंतु विकास म्हणजे जमीन सपाट करणे, असे समजणाऱ्यांपाशीही ते नाही. योग्य उत्तराची उदाहरणे याच खाडीत आहेत. मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान रेल्वेचा मार्ग खाडीवरून न नेता तिच्या तळाखालून नेण्याचे ठरले. २१ किलोमीटरच्या बोगद्यापैकी सुमारे ७ किलोमीटर भाग खाडीखालून जाणारा आहे. २०२४ च्या जानेवारीत खुल्या झालेल्या अटल सेतूवर शिवडीच्या बाजूला ध्वनिरोधक बसवण्यात आले. अर्थात यामुळे सारे काही आलबेल झाले, असा दावा कुणी करू नये. पण नियोजनाच्या पहिल्या पानावर निसर्गाचा विचार केला, तर मार्ग काढता येतो, हे मात्र त्यातून सिद्ध होते. हजारो कोटींच्या रेल्वेला जे जमते, ते एका तळ्याची मोरी उघडी ठेवण्याच्या बाबतीत जमू नये, याला काय म्हणावे?

शिवाय हा विषय केवळ भूतदयेचा नाही. त्यात माणसाचा रोकडा स्वार्थ आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. परिसरातील पाणथळी नष्ट झाल्या, तर त्यांवर विसंबलेले पक्षी उघड्या जागा शोधत विमानतळाच्या दिशेने सरकतील आणि विमानांना असलेला धोका वाढेल, असा इशारा पक्षिअभ्यासकांनी पूर्वीच दिला आहे. म्हणजे तळी राखणे हा प्रवाशांच्या सुरक्षेचाही भाग ठरतो. दुसरा मुद्दा पुराचा. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीहून सखल आहे. म्हणूनच तिच्या नियोजनात उधाणाच्या वेळी पावसाचे पाणी साठवून ठेवणाऱ्या धारण तलावांची योजना करण्यात आली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. पाण्याची जागा बळकावली की पाणी आपल्या घरात जागा शोधते, हा धडा त्या दिवशी मुंबईने घेतला. निदान घ्यायला हवा होता.

या सगळ्या चर्चेत ज्यांचा विचार सर्वांत शेवटी होतो, ते म्हणजे खाडीकाठचे कोळी बांधव. कोळीवाड्यांनी ही खाडी पिढ्यानपिढ्या राखली आणि तिनेही त्यांना पोसले. ऐन पावसाळ्यात, माशांच्या विणीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला सागराला श्रीफळ अर्पण करूनच पुन्हा पाण्यात उतरायचे, ही परंपरा संवर्धनाचे शास्त्र नव्हे तर दुसरे काय आहे? आपल्या समाजाने निसर्गरक्षणाचा नियम असा सणाच्या रूपाने जपला. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांचे आणि दोन्ही काठांवरील नगरांचे सांडपाणी खाडीत येऊ लागले, तेव्हा त्याची पहिली झळ याच समाजाला बसली. जिताडा, बोय, निवटी, चिंबोरी यांचे पूर्वीचे वैभव ज्येष्ठांच्या तोंडून ऐकावे लागते.

यातच एक विचित्र विरोधाभास आहे. सांडपाण्यातील पोषकद्रव्यांमुळे शैवाल माजते आणि त्यावर जगणारे छोटे रोहित मोठ्या संख्येने येतात, असे अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे गुलाबी थवे पाहून खाडी निरोगी आहे, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे ठरेल. रोहितांची संख्या ही खाडीच्या प्रकृतीची एक खूण झाली. कोळ्याच्या जाळ्यात काय येते, ही दुसरी आणि अधिक खरी खूण. दोन्ही जेथे नांदतील, तीच खाडी जिवंत म्हणायची. म्हणून सांडपाण्याची शुद्धी टप्प्याटप्प्याने, पण निश्चयाने करावीच लागेल.

करावयाच्या गोष्टी फार अवघड नाहीत. भरतीच्या वेळी पक्षी ज्या पाणथळींवर विसावतात, त्या सर्वांना अभयारण्याच्या व्यवस्थापनाशी कायद्याने जोडावे. डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्याच्या प्रस्तावाला २०२५ साली राज्य वन्यजीव मंडळाने संमती दिली, ही स्वागतार्ह सुरुवात आहे. परंतु एका तळ्यावर थांबून भागणार नाही. प्रत्येक पाणथळीच्या जलमार्गाची जबाबदारी एका निश्चित अधिकाऱ्यावर सोपवावी, म्हणजे नगरनियोजन यंत्रणा, महापालिका आणि वनखाते यांच्यातील टोलवाटोलवी थांबेल. तळ्यांभोवतीचे प्रखर दिवे आणि उंच फलक आवरावेत. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून खाडीदर्शनासाठी होड्या निघतात. अशा उपक्रमांत स्थानिक कोळी तरुणांचा वाटा वाढवावा. ज्याच्या पोटाशी खाडी जोडलेली आहे, त्याच्याइतका जागरूक राखणदार दुसरा मिळणार नाही.

कच्छच्या रणात जन्मलेला पक्षी कोणतेही निमंत्रण नसताना दरवर्षी आपल्या दारी येतो. अतिथीला देव मानणाऱ्या समाजाने त्याच्या स्वागताला केवळ शिल्पे उभारावीत, हे शोभणारे नाही. त्याला आपल्याकडून फार काही नको आहे. ओहोटीला चिखल आणि भरतीला वीतभर पाणी, एवढे जरी आपण राखले, तरी खाडी आपले उरलेले काम स्वतः करील.