सही म्हणजे संमती नव्हे

१७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेचा वृत्तांत छापून आला. इंग्रज फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा टिपूच्या कैदेत सापडला होता. त्याचे नाक आणि एक हात छाटण्यात आला. सुमारे वर्षभराने त्याच्याच कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसविण्यात आले. ते बसविणारा कुणी शास्त्री-पंडित नव्हता, विटा भाजणाऱ्या जातीतला कारागीर होता! छाटलेली प्रतिष्ठा परत देणारी ही विद्या. भाजलेल्या, अॅसिडने होरपळलेल्या, दुभंगलेल्या ओठाने जन्मलेल्या माणसांना ती आजही जगण्याचे बळ देते. तिच्याविषयी आमची तक्रार नाही.

आमची तक्रार आहे ती तिच्या नावाने मांडलेल्या बाजाराविषयी. धडधाकट माणसाला आधी त्याच्या शरीराची लाज वाटायला लावायची आणि मग त्या लाजेवर इलाज विकायचा, असा हा धंदा आहे. लग्नाच्या जाहिरातीत वधू 'गोरी, सडपातळ'च हवी. काळा रंग म्हणजे हलकी जात, हा टोमणा आमच्या मुलामुलींनी शाळेपासून ऐकलेला. त्या जखमेवर बोट ठेवून 'सकाळी या, संध्याकाळी घरी जा, पैसे हप्त्याने द्या' असे सांगितले जाते. धोका मात्र सांगितला जात नाही.

धोका काय असतो? मार्च २०१९ मध्ये मुंबईत केशरोपणानंतर एका ४३ वर्षांच्या व्यावसायिकाचा मृत्यू झाला. मे २०२२ मध्ये बेंगळुरूत चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर कन्नड मालिकांतली २१ वर्षांची अभिनेत्री दगावली. कानपूरमध्ये केशरोपणानंतर एक अभियंता मरण पावला आणि २०२५ साली एका दंतवैद्यक महिलेवर गुन्हा दाखल झाला. कोण दोषी हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. पण ही माणसे आजारी म्हणून दवाखान्यात गेली नव्हती, एवढे तरी समाजाने लक्षात घ्यावे.

लायपोसक्शन म्हणजे कातडीखाली नळी घालून चरबी ओढणे. त्यात चरबीचे कण रक्तात शिरून फुप्फुसात अडकू शकतात, पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, नळीने आतडे फाटू शकते. भुलेचे औषध जास्त झाले तर हृदय बंद पडू शकते. केशरोपणात जंतुसंसर्ग किंवा औषधाची तीव्र अॅलर्जी जीवावर बेतते. स्तनांत बसविलेले सिलिकॉन जन्मभर टिकत नाही; पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागू शकते. आणि सावळ्या कातडीला धोका अधिक. लेझरचा मारा चुकला तर तिच्यावर भाजल्याचे डाग, पांढरे चट्टे पडतात. जखमेच्या जागी केलॉइड नावाचा वाढत जाणारा उंच व्रण उठण्याचे प्रमाणही तिच्यात जास्त आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. समीरा कोहली खटल्यात १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, उपचाराचे स्वरूप, हेतू, फायदे, पर्याय आणि महत्त्वाचे धोके समजल्यावर दिलेली संमती हीच खरी संमती. त्या खटल्यातील बाईने केवळ दुर्बिणीच्या तपासणीला संमती दिली होती. ती भुलेखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढण्यात आले. ही संमती न्यायालयाने मानली नाही.

मात्र याच निकालात एक गोष्ट अशीही आहे की, दूरचे, क्वचित घडणारे धोके सांगण्याचे बंधन डॉक्टरवर नाही. कारण घाबरून रुग्ण आवश्यक उपचार नाकारील. आमचा सवाल आहे, सौंदर्यशस्त्रक्रियेत आवश्यक काय असते? नाक थोडे बसके राहिले म्हणून कुणी मरत नाही. जिथे न करण्यात काहीच धोका नाही, तिथे करण्यातला लहानातला लहान धोकासुद्धा सांगितलाच पाहिजे. न्यायालयाने दिलेले कारणच इथे लागू पडत नाही. हे नियमात स्पष्ट लिहिले जावे, ही आमची मागणी आहे.

तोपर्यंत प्रश्न आपणच विचारायचे. प्रत्यक्ष सुरी कोण धरणार? त्याची पदवी कोणती, वैद्यकीय परिषदेत नोंदणी आहे काय? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्येच बजावले आहे की, कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूब पाहून हे शिक्षण पुरे होत नाही. भूल देणारा तज्ज्ञ हजर राहील काय? जीव घाबरा झाला तर अतिदक्षता विभाग कुठे आहे? संमतीपत्र मराठीत मागा, घरी न्या, वाचा, मग सही करा. टेबलावर झोपवून घेतलेली सही ही संमती नव्हे.

घात झालाच तर गप्प बसू नका. २००२ च्या विनियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत कागदपत्रे देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. पैसे घेऊन केलेला उपचार ही 'सेवा' आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच ठरविले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. लाजेपायी ही मुदत गमावू नका.

आपला रंग, आपले नाक, आपला बांधा हा रोग नाही. ज्याला बदल हवा त्याने तो जरूर करावा. शरीर त्याचे आहे. पण तो डोळे उघडे ठेवून करावा. ज्यांनी आपल्याला शतकानुशतके लाज शिकविली, त्यांच्या आरशात पाहून आपण सुरीखाली का जावे?