नॅस्डॅकची घंटा आणि दलाल स्ट्रीटचा भागधारक

मार्च १९९९ मध्ये इन्फोसिसचे समभाग अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात दाखल झाले, तेव्हा जणू साऱ्या देशाचाच सत्कार झाल्याचा आनंद व्यक्त झाला. तेथे पोहोचलेली ती पहिली भारतीय कंपनी होती. तो आनंद अस्थानी म्हणता येणार नाही. मात्र त्या जल्लोषात एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला. मुंबईत १८७५ पासून शेअर बाजार उभा असताना येथल्या उद्योगाने आपले समभाग सातासमुद्रापलीकडे नेऊन का मांडावेत?

यावर ठरलेले उत्तर मिळते : भांडवलासाठी. १९९२ पुरते ते खरेही होते. आदल्याच वर्षी परकीय चलनाची गंगाजळी आटली होती आणि परदेशी वित्तसंस्थांना भारतीय बाजाराचे दार त्या वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत उघडले नव्हते. त्या वर्षी मे महिन्यात रिलायन्सने जीडीआर विकून लक्झेंबर्गच्या बाजारात त्यांची नोंदणी केली, ती गरजेपोटी. परंतु इन्फोसिसने नॅस्डॅकवर उभे केले ते जेमतेम ७ कोटी डॉलर. तिला हवे होते ते निराळेच : अमेरिकी ग्राहकांच्या लेखी पत आणि तेथील कर्मचाऱ्यांना देता येतील असे डॉलरमधले समभाग. परदेशी कंपनी विकत घ्यायची झाल्यास रोख रकमेऐवजी पुढे करता येणारे चलन हा त्या मार्गाने जाणाऱ्यांचा आणखी एक हिशेब. यात गैर काही नाही. पण याला भांडवलाची निकड म्हणू नये. शिवाय याच कंपनीची १९९३ मधील भागविक्री मायदेशात पुरेशी खपली नव्हती, हा दोष येथल्या बाजाराच्या पदरात घातलाच पाहिजे.

एडीआरची व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. मूळ समभाग भारतात एका बँकेच्या ताब्यात राहतात आणि त्यांच्या आधारे अमेरिकी बँक पावत्या काढते. तेथे खरेदी-विक्री होते ती या पावत्यांची. म्हणजे कंपनी एक, नफा एक, ताळेबंद एक. संरक्षण मात्र एक नव्हे, याचा दाखला सत्यमने दिला.

७ जानेवारी २००९ रोजी रामलिंग राजू यांनी खोट्या हिशेबांची कबुली दिली आणि मुंबईत सत्यमच्या समभागाने एका दिवसात तीन चतुर्थांशाहून अधिक मूल्य गमावले. सत्यमचे एडीआर २००१ पासून न्यूयॉर्कच्या बाजारात होते. तेथील गुंतवणूकदारांनी एकत्रित दावा लावला आणि २०११ मध्ये कंपनीने १२ कोटी ५० लाख डॉलर देऊन तो मिटवला. ही रक्कम आली कोठून? कंपनीच्याच तिजोरीतून, म्हणजे जो भारतीय भागधारक त्याच घोटाळ्यात होरपळला होता त्याच्याही हिश्श्यातून! त्याच्यासाठी येथल्या कंपनी कायद्यात एकत्रित दाव्याची तरतूदच नव्हती. सेबीचे आदेश निघाले, ते अपिलांच्या फेऱ्यांत अडकले. ही तरतूद पुढे २०१३ च्या कायद्याच्या कलम २४५ मध्ये आली, ती लागू व्हायला जून २०१६ उजाडला. आणि तिचा वापर आजही अगदी विरळ आहे. परदेशी नोंदणीमुळे कंपनीला शिस्त लागते, असे सांगणाऱ्या अर्थपंडितांनी या हिशेबाचेही उत्तर द्यावे. ती शिस्त न्यूयॉर्कमध्ये होतीच, तरीही राजूंचे खोटे हिशेब वर्षानुवर्षे चालले.

भांडवलाचा युक्तिवाद तर आता पुरता उलटला आहे. टाटा मोटर्सने २००४ मध्ये न्यूयॉर्कला नेलेले एडीआर जानेवारी २०२३ मध्ये तेथून काढून घेतले. परदेशी गुंतवणूकदार थेट मुंबईत येऊन खरेदी करू लागल्यावर त्या पावत्यांचे प्रयोजन उरले नव्हते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ह्युंदाईने आपल्या भारतीय कंपनीचे समभाग मुंबईत विकून २७,८७० कोटी रुपये जमवले. सर्व रक्कम कोरियातील मूळ कंपनीकडे गेली. व्यवहार दुसऱ्याच दिवशी पुरा करण्याची पद्धत भारतीय बाजारांनी जानेवारी २०२३ मध्ये पूर्णपणे अंगीकारली, अमेरिकेने मे २०२४ मध्ये. तेव्हा पैसा आहे, यंत्रणाही आहे. कमी आहे ती लुबाडल्या गेलेल्या लहान भागधारकाला वेळेत दाद देण्याची इच्छा.

आणि शासनाचे लक्ष कोठे आहे? जानेवारी २०२४ मध्ये गुजरातच्या गिफ्ट सिटीतील आंतरराष्ट्रीय शेअर बाजारांत भारतीय कंपन्यांना थेट नोंदणीची मुभा मिळाली. परदेशी बाजार घरातच आणला, हे स्तुत्यच. पण नियमावली पाहावी : कंपनी भारतीय, भूमी भारतीय, व्यवहार परकीय चलनात; आणि या योजनेखाली तेथे समभाग घेण्याचा अधिकार भारतात राहणाऱ्याला नाही.