एका गुणाचे अंतर

परदेशच्या बातमीत एखादे मराठी आडनाव दिसले की वाचणाऱ्याची नजर तेथे क्षणभर थांबतेच. पिढ्यान्‌पिढ्या कानडी मुलखात राहिलेल्या आपल्या मंडळींची तर ती अधिकच थांबते. ‘हे कोणते रणदिवे?’ हा प्रश्न आधी, आणि बातमी कशाची आहे हे नंतर! अमेरिकेतील सॅक्रामेंटो शहराच्या बास्केटबॉल संघाविषयी या महिन्यात लिहावयाचे ठरविले, त्याला निमित्त हे आडनावच झाले, हे प्रथमच सांगितलेले बरे.

विवेक रणदिवे यांचा जन्म १९५७ साली मुंबईत झाला. शिक्षणासाठी ते अमेरिकेस गेले, तेथे संगणक-व्यवसायात नाव आणि धन दोन्ही मिळविले, आणि २०१३ साली ‘सॅक्रामेंटो किंग्ज’ या व्यावसायिक संघाचे प्रमुख मालक झाले. हा संघ तेव्हा सिअ‍ॅटल शहरी जाण्याच्या बेतात होता; तो सॅक्रामेंटोतच राहिला, याचे श्रेय तेथील लोक त्यांना आजही देतात. एन.बी.ए. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या मातबर स्पर्धेत भारतात जन्मलेला मनुष्य संघाचा प्रमुख मालक होण्याची ती पहिलीच वेळ. पुढे ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ रोजी त्यांनी आपला संघ जन्मगावी आणला. वरळीच्या बंदिस्त क्रीडागृहात इंडियाना पेसर्स या संघाशी दोन सराव-सामने झाले, आणि पहिल्या दिवशी तीन हजारांवर शालेय मुलामुलींनी ते क्रीडागृह दणाणून सोडले. तो सामना जादा वेळेत गेला आणि किंग्ज हरले. गुणसंख्या होती १३२-१३१. एका गुणाने! नंतर मूळ हंगाम सुरू झाला, तेव्हा पहिले पाचही सामने त्यांनी गमावले.

ज्यांनी हा खेळ शाळेच्या पटांगणाबाहेर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. मैदान असते अवघे ९४ फूट लांब. आपल्या सिद्धारूढ स्वामीजी स्थानकाचा १५०७ मीटरांचा फलाट डोळ्यांपुढे आणा. त्यावर अशी पन्नासांहून अधिक मैदाने एकापुढे एक मांडता येतील. एवढ्याशा जागेत दहा धिप्पाड माणसे ४८ मिनिटे धावतात आणि दोन्ही बाजूंचे मिळून दोनशेंच्या वर गुण होतात. साध्या फेकीला दोन गुण, दूरच्या कमानीबाहेरून केलेल्या फेकीला तीन, आणि प्रतिस्पर्ध्याने नियम मोडून अडविले तर मिळणाऱ्या मुक्त फेकीला एक. अमेरिकेत ऑक्टोबर ते एप्रिल प्रत्येक संघ असे ८२ सामने खेळतो. शेवटची पाच मिनिटे उरली असता दोन्ही संघांत पाच किंवा त्याहून कमी गुणांचे अंतर असेल, तर तो अटीतटीचा सामना, अशी तेथील आकडेशास्त्र्यांची व्याख्या आहे. दोनशेंहून अधिक गुणांच्या उलाढालीनंतर एका गुणाने हरणे म्हणजे काय, हे यावरून ध्यानी यावे. खंडीभर धान्य मोजून झाल्यावर चिमूटभरावरून वाद व्हावा, तसे ते आहे.

आता २०२४ च्या हंगामाकडे येऊ. त्या वर्षी किंग्जजवळ काय नव्हते? डीॲरन फॉक्ससारखा विजेच्या चपळाईचा खेळाडू होता. कड्यावरून उसळून आलेला चेंडू झेलण्यात साऱ्या स्पर्धेत अव्वल ठरलेला डोमांटास साबोनिस होता. त्यांच्या जोडीला डिमार डिरोझन हा अनुभवी, शांत हाताचा नेमबाज शिकागोहून नुकताच आणला होता. प्रशिक्षक माइक ब्राऊन यांचा करार त्याच उन्हाळ्यात वाढविण्यात आला होता. दुबळ्या संघांना किंग्ज सहज नमवीत. परंतु पहिलाच सामना मिनेसोटाकडून ११७-११५ असा गेला. दुसरा लेकर्सकडून १३१-१२७ असा. नोव्हेंबरात टोरांटोने जादा वेळेत तीन गुणांनी हरविले. १५ नोव्हेंबरला फॉक्सने एकट्याने ६० गुण केले; संघाच्या इतिहासात कोणीही एका सामन्यात एवढे गुण केले नव्हते. आणि तो सामनाही मिनेसोटाने जादा वेळेत १३०-१२६ असा जिंकला! साठ गुण करून पराभूत होऊन घरी जाणाऱ्या माणसाला त्या रात्री झोप कशी लागली असेल, कोण जाणे.

डिसेंबरात पाच पराभवांची एक माळ लागली. तिचा पहिला मणी डेन्व्हरचा, १३०-१२९, आणि शेवटचा डेट्रॉइटचा, ११४-११३. न्यायाने सांगावयाचे तर मधले तिन्ही सामने असे निसटते नव्हते. इंडियानाने तर सत्तावीस गुणांनी धुव्वा उडविला. तेव्हा सारा दोष दैवाच्या माथी मारता येत नाही. पण माळेची गाठ बसली ती त्या शेवटच्या सामन्यावर, म्हणून तोच जरा निरखून पाहण्याजोगा आहे.

तेथे २६ डिसेंबरची रात्र, म्हणजे आपल्याकडे २७ ची सकाळ. आपली वृत्तपत्रे त्या दिवशी डॉ. मनमोहन सिंग यांच्या निधनवार्तेने भरलेली होती. शेजारी बेळगावात काँग्रेस अधिवेशनाच्या शताब्दीचा समारंभ मध्येच आवरता घ्यावा लागला होता. सॅक्रामेंटोची आठवण इकडे कोणाला असणार! तिकडे सामना संपावयास काही सेकंद उरले होते आणि किंग्ज ११३-११० असे पुढे होते. चेंडू डेट्रॉइटकडे. तीन गुणांनी पुढे असणाऱ्या संघाला अशा वेळी दोन मार्ग असतात. एक म्हणजे प्रतिस्पर्धी फेक करण्याच्या आधीच त्याला मुद्दाम अडवून चूक पदरी घेणे. त्याला दोन मुक्त फेकी मिळतात. दोन्ही साधल्या तरी आपण एका गुणाने पुढेच. दुसरा मार्ग म्हणजे कमानीच्या कडेवर डोळ्यांत तेल घालून उभे राहणे, म्हणजे तीन गुणांची फेक सुखासुखी होऊ नये. पहिल्या मार्गात कृपणाची हिशेबी वृत्ती आहे, दुसऱ्यात स्वाभिमान आहे. जाणत्या प्रशिक्षकांतही यावर एकमत नाही. एका गोष्टीवर मात्र सर्वांचे एकमत आहे: फेक हातातून सुटत असताना त्या माणसाला स्पर्श करावयाचा नाही. कारण फेकही साधली आणि स्पर्शही झाला, तर तीन अधिक एक असे चार गुण जातात.

नेमके तेच घडले. डेट्रॉइटच्या जेडन आयव्हीने मैदानाच्या कोपऱ्यातून फेक केली, अडवावयास धावून आलेल्या फॉक्सचा धक्का त्याला लागला, चेंडू जाळ्यात पडला आणि पंचांची शिट्टीही वाजली. वरची मुक्त फेक आयव्हीने साधली. ११४-११३. उरलेल्या तीन सेकंदांत किंग्जना काही करता आले नाही. दुसऱ्या दिवशी माइक ब्राऊन यांना पदावरून दूर करण्यात आले. तेरा विजय, अठरा पराभव अशी संघाची नोंद होती.

आता हाच फॉक्स आणि हेच ब्राऊन दोन वर्षांपूर्वी काय करीत होते ते पाहा. २०२२ चा हंगाम किंग्जनी लागोपाठ चार पराभवांनी सुरू केला होता. त्यांतला एक दोन गुणांनी, एक पाच गुणांनी. त्या वेळी कोणी घाई केली नाही. वसंत ऋतू येईतो संघाचे ४८ विजय झाले, आणि सोळा हंगाम ज्या बाद फेरीचे दर्शन घडले नव्हते ती गाठली गेली. एवढा दीर्घ वनवास त्या स्पर्धेत दुसऱ्या कोणत्याही संघाच्या वाट्यास आलेला नाही. प्रत्येक विजयानंतर क्रीडागृहाच्या छपरावरून जांभळ्या प्रकाशाचा झोत आकाशात सोडावयाचा, हा प्रघात त्याच वर्षी पडला. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोनदा जादा वेळ खेळून त्यांनी क्लिपर्सना १७६-१७५ असे हरविले. हाही एका गुणाचाच सामना, पण या वेळी तो गुण आपल्या बाजूचा! अटीतटीच्या क्षणी उत्तम खेळणाऱ्यास द्यावयाचे पारितोषिक त्या वर्षी नव्याने सुरू झाले आणि त्याचा पहिला मानकरी फॉक्स ठरला. ब्राऊन यांना वर्षाचा उत्कृष्ट प्रशिक्षक म्हणून एकूण एक मते पडली. तोच गुरू, तोच शिष्य, तेच कडे आणि तेच जाळे. एका वर्षी शेवटच्या मिनिटाचा राजा म्हणून ज्याला मिरविले, त्याच्याच हातून पुढे शेवटच्या मिनिटाची चूक झाली.

अटीतटीच्या पराभवांना काही कारणे असतात, हे खरेच. अखेरीस मुख्य खेळाडू थकलेले असतात. एकाच्या हाती चेंडू देऊन उरलेले चौघे उभ्याउभ्या पाहत राहतात. मोठी आघाडी असताना जी ढिलाई खपून जाते ती शेवटी नडते. ही दुखणी किंग्जना होती आणि प्रशिक्षकाने त्यांवर औषध शोधावयास हवे होते. परंतु चेंडू कड्याला लागून आत पडावा की बाहेर, पंचाने शिट्टी फुंकावी की नाही, यांत प्रशिक्षकाचे कर्तृत्व किती? बरोबरीच्या दोन संघांत शेवटचा गुण कोणाकडे जाईल हे पुष्कळसे योगायोगावर असते, आणि थोड्या सामन्यांत योगायोग फार मोठा दिसतो. वर सांगितलेल्या सहा निसटत्या पराभवांतील गुणांचे अंतर मिळवून पाहिले तर ते पंधरा भरते. पंधरा गुणांवर माणसाची पारख करावयाची, हे मला तरी पटत नाही.

रणदिवे यांच्या कारकिर्दीत हे प्रथमच घडले असते तर मी एवढे लिहिले नसते. २०१४ साली मायकेल मलोन प्रशिक्षक असताना संघाने पहिल्या चौदांपैकी नऊ सामने जिंकले. मग मुख्य खेळाडू मेंदूज्वराने अंथरुणास खिळला, पराभव होऊ लागले, आणि चोवीस सामने होताच मलोन यांना नारळ मिळाला. तेच मलोन २०२३ साली डेन्व्हरच्या संघाला अजिंक्यपद मिळवून देणारे ठरले. २०२१ च्या नोव्हेंबरात ल्यूक वॉल्टन गेले ते सतरा सामन्यांनंतर. ब्राऊन गेले एकतिसांनंतर. ८२ सामन्यांच्या हंगामात यांपैकी कोणालाही निम्मा पल्ला गाठू दिला नाही. कारखानदारीत तोटा दिसताच व्यवस्थापक बदलण्याची रीत असेल. ती येथे कितपत लागू पडते याचा विचार व्हावयास हवा होता.

आश्चर्य याचे वाटते की हा विचार खुद्द रणदिवे यांनी एकेकाळी इतरांपेक्षा चांगला केलेला आहे. संघ विकत घेण्याच्या पुष्कळ आधी, आपल्या मुलीच्या संघाचे प्रशिक्षकपद त्यांनी हौसेने पत्करले होते. बारा वर्षांच्या मुली. फारशा उंच नाहीत, नेम बेताचा. स्वतः रणदिवे क्रिकेट आणि फुटबॉल पाहत वाढलेले. बास्केटबॉल कधी खेळलेले नाहीत. अमेरिकेतले संघ गुण केल्यावर मुकाट्याने मागे सरतात आणि प्रतिस्पर्ध्याला पाऊण मैदान आंदण देतात, हे पाहून त्यांना नवल वाटले. त्यांनी मुलींना सांगितले, मागे सरावयाचेच नाही. चेंडू मैदानात येतो तेथूनच अडवावयाचा, अखंड ९४ फूट. त्या कच्च्या नेमाच्या मुली राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचल्या. माल्कम ग्लॅडवेल यांनी २००९ साली ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात या संघाची हकीकत लिहिली आणि ती जगभर वाचली गेली. पुढे त्या स्पर्धेत पंच स्पर्शास्पर्शावरून शिट्ट्या फुंकू लागले तेव्हा रणदिवे यांना आपला डाव आवरावा लागला आणि मुली हरल्या. एका शिट्टीने सामना कसा फिरतो हे ज्याने बाकावर बसून अनुभवले, त्याने मालकाच्या खुर्चीवरून ते विसरावे!

निसटत्या सामन्याची दुसरी बाजू आपल्याच राज्यात पाहावयास मिळाली होती. जुलै २०१७ मध्ये बंगळूरला आशिया चषकाच्या दुसऱ्या गटाची स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात आपल्या महिला संघाने कझाकस्तानला ७५-७३ असे हरवून वरच्या गटात स्थान मिळविले. पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती. जिद्द, चिकाटी, मनोधैर्य अशा शब्दांनी तेव्हा त्या मुलींचा गौरव झाला, आणि तो यथायोग्यच होता. पण शेवटची एक फेक इकडची तिकडे झाली असती तर त्याच मुलींना आपण दडपणाखाली कच खाणाऱ्या म्हटले नसते काय? आपल्या शाळांतून खेळणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीत पालक म्हणून आपण हेच करतो. एका गुणाने जिंकून आला तर पेढे, एका गुणाने हरून आला तर अभ्यासाची आठवण.

ब्राऊन गेल्यावर डग क्रिस्टी या जुन्या खेळाडूकडे संघ सोपविण्यात आला. जानेवारीत लागोपाठ विजय मिळाले, सर्वांना वाटले गाडी रुळावर आली. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये फॉक्स सॅन अँटोनियोच्या संघात गेला, आणि किंग्ज ४० विजय, ४२ पराभव असा हंगाम संपवून बाद फेरीच्या उंबरठ्यावरून डॅलसकडून परत फिरले. ब्राऊन यांना त्याच वर्षीच्या जुलैत न्यूयॉर्क निक्सने बोलावून घेतले. १६ डिसेंबर २०२५ रोजी लास व्हेगास येथे हंगामांतर्गत चषकाचा अंतिम सामना झाला. एका बाकावर ब्राऊन होते, समोरच्या संघात फॉक्स. न्यूयॉर्कने सॅन अँटोनियोला १२४-११३ असे हरविले. या खेपेस अंतर अकरा गुणांचे होते.