सहल कोयता निघायच्या आधी काढूया



चौथी-पाचवीच्या कोणत्याही लेकराला विचारा, "सह्याद्रीपासून पूर्वेकडे जाणाऱ्या डोंगररांगा कोणत्या?" एका दमात उत्तर येतं, "सातमाळा-अजिंठा, हरिश्चंद्र-बालाघाट, शंभूमहादेव." पाठांतर पक्कं. आता पुढचा प्रश्न विचारा, "मग बालाघाट कुठं आहे?" सगळा वर्ग भिंतीवरच्या नकाशाकडं बघतो. खिडकीबाहेर कुणी बघत नाही. लिंबागणेशच्या शिवारात उभं राहून चारी बाजूंनी नजर फिरवली की जे डोंगर दिसतात, तोच बालाघाट. आपण त्याच्यावर राहतो, त्याच्यावर शेरडं चारतो, त्याच्यावरची सीताफळं खातो. फक्त वर्गात त्याचं नाव आलं की तो परका होतो.

आजचा विषय हाच आहे. शाळेची सहल कुठं काढायची आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कधी काढायची. माझं मत सरळ आहे. बीड जिल्ह्याच्या घाटावरच्या शाळांनी वर्षातली एक तरी सहल पायी, आपल्याच डोंगरात आणि पोळा ते घटस्थापना या दिवसांत काढावी. डिसेंबर-जानेवारीची वाट बघू नये. का, ते सांगते आणि पालक जे आक्षेप घेतील त्यांचंही बोलते.

आधी 'कधी'चं बघू. आपल्याकडं सहल म्हणलं की डिसेंबर-जानेवारी. थंडी असते, गाडी मिळते, परीक्षा लांब असतात. वेरूळ-अजिंठा, शिर्डी, रायगड, महाबळेश्वर अशी ठरलेली ठिकाणं. पण त्या महिन्यातलं हजेरीपत्रक उघडून बघा. दसरा-दिवाळी झाली की साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात, मुकादमाच्या गाड्या गावात येतात आणि घेतलेली उचल फेडायला नवरा-बायकोचा कोयता बाहेर पडतो. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पार कर्नाटकापर्यंत. काही लेकरं आजीजवळ राहतात, काही हंगामी वसतिगृहाच्या आधारानं गावातच शिकतात, पण बरीच आई-बापाबरोबर फडावरच्या कोपीत जातात. ती परत येतात पाडव्याच्या आगेमागे. म्हणजे जानेवारीत आपण 'शाळेची सहल' म्हणून जी गाडी सोडतो, तिच्यात शाळेतली ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे तीच लेकरं नसतात. आणि जी गावात असतात त्यांतल्याही काहींच्या घरी सहलीची वर्गणी निघत नाही. "मला बरं नाही," असं सांगून त्या दिवशी घरी बसणारं लेकरू प्रत्येक शिक्षकानं बघितलेलं आहे.

याउलट भाद्रपदात बघा. वर्ग भरलेला असतो. सगळी पोरं गावात असतात, आई-बापही गावात असतात. डोंगर हिरवा असतो, ओढे वाहत असतात, धबधबे कोसळत असतात. आपला प्रदेश पर्जन्यछायेचा. आपल्याकडचे धबधबे कोकणासारखे चार-चार महिने धो धो वाहत नाहीत. पाऊस चांगला झाला तर काही आठवडे, नाहीतर तेही नाही. जानेवारीत सौताड्याला गेलात तर धबधब्याच्या जागी बारीक धार किंवा नुसता काळा कडा दिसेल. तेव्हा निसर्गाचं वेळापत्रक आणि लेकरांचं वेळापत्रक, दोन्ही एकाच महिन्याकडं बोट दाखवतात. उलटं आहे ते फक्त शाळेचं.

आता 'कुठं'. बाहेरचे लोक ट्रेक म्हणलं की हरिश्चंद्रगड, कळसूबाई, सांदण दरी एवढीच नावं घेतात. हरिश्चंद्रगडाचीच रांग पूर्वेकडं सरकत सरकत आपल्यापर्यंत येते, हे त्यांना माहीत नसतं आणि आपल्यालाही त्याचं काही वाटत नाही. पण मांजरसुंब्याजवळचं कपिलधार बघा. संत मन्मथस्वामींची समाधी, डोंगराच्या कुशीतलं देवस्थान आणि पावसाळ्यात कड्यावरून पडणारी धार. पाटोदा तालुक्यात जामखेड रस्त्यावर सौताडा आहे. तिथं विंचरणा नदी कड्यावरून थेट खोल दरीत उडी घेते आणि दरीच्या तळाशी रामेश्वराचं मंदिर आहे. त्याच तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे, १९९४ साली जाहीर झालेलं. बीडच्या अलीकडं पालीजवळ बिंदुसरेचा तलाव भरला की सांडव्यावरून पाण्याची चादर पडते. पलीकडं अंबाजोगाईला मुकुंदराजांच्या समाधीजवळची दरी आहे. एवढं सगळं एका जिल्ह्यात आणि आपण मात्र लेकरांना सहा-सहा तास गाडीत बसवून, उलट्या करवत दुसऱ्याचे डोंगर दाखवायला नेतो!

या डोंगरात शिकवायला काय काय आहे, ते एकदा शिक्षकाच्या नजरेनं बघा.

पहिला धडा दगडाचा. कोणत्याही कड्यासमोर उभं राहून लेकरांना विचारा, "डोंगराला पायऱ्या का दिसतात?" सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला, थंड झाला. मग पुन्हा आला, पुन्हा पसरला. असे थरावर थर बसून दख्खनचं पठार झालं. काही थर टणक, काही ठिसूळ. कुठं कुठं दोन थरांच्या मधे लालसर मातीचा पट्टाही दिसतो. धबधब्याच्या जागी पाणी खालचा ठिसूळ थर आधी खाऊन टाकतं, वरचा टणक कडा छज्जासारखा पुढं राहतो आणि एक दिवस तुटून पडतो. असा धबधबा हळूहळू मागं सरकतो आणि त्याच्यापुढं घळ लांबत जाते. 'खनन कार्य' हा शब्द फळ्यावर लिहून जे समजत नाही, ते तळाशी पडलेले मोठमोठे धोंडे बघून दोन मिनिटांत समजतं.

दुसरा धडा पाण्याचा, आणि तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. पत्र्याच्या घराला मधे आढं असतं आणि दोन्हीकडं उतार असतो. पाऊस एकाच घरावर पडतो, पण पाणी दोन बाजूंना जातं. बालाघाट हे आपल्या जिल्ह्याचं आढं आहे. उत्तरेकडच्या उतारावरची बिंदुसरा सिंदफणेला मिळते आणि सिंदफणा गोदावरीला. पाटोद्याच्या डोंगरात उगवणारी मांजरा पूर्वेकडं पार तेलंगणाच्या हद्दीपर्यंत जाऊन शेवटी गोदावरीतच जाते. पण सौताड्याची विंचरणा? ती सीनेला मिळते, सीना भीमेला आणि भीमा कृष्णेला. एकाच तालुक्यात पडलेल्या पावसाचे दोन थेंब, एक गोदावरीच्या मुखाशी समुद्राला भेटतो आणि दुसरा कृष्णेच्या. सोलापूरकडं सीनेच्या काठी ज्यांची टोळी ऊस तोडायला जाते, त्या लेकराला आपण सांगू शकतो, "तू जिथं जातोस ना, तिथल्या नदीत आपल्या डोंगराचं पाणी मिसळलेलं आहे." फडावर गेलेलं लेकरू स्वतःला परमुलखातलं समजतं. त्याला हे एक वाक्य माहीत असणं मला मोठं वाटतं.

मांजरेचं अजून एक सांगावं. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, कारण केज तालुक्यात धनेगावला असलेलं मांजरा धरण आटलं होतं. त्या धरणाची नदी आपल्याच डोंगरात जन्मते. इथल्या उतारावर झाड टिकलं, चर खोदले, पाणी मुरलं तर त्याचा संबंध एका मोठ्या शहराच्या नळाशी आहे, हे उगमाकडच्या लेकरांना कळायला नको का?

तिसरा धडा झाडा-पाखरांचा. पळस, हिवर, तरवड, बोर आणि अर्थातच सीताफळ. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. सप्टेंबरच्या शेवटी फळांचे डोळे उघडायला लागतात. 'डोळे उघडले की तोडायचं' हे आपल्या पोरांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. एकदा त्यांना शिक्षक होऊ द्या आणि आपण ऐकूया.

आता पालकांचा आक्षेप. "पावसाळ्यात डोंगरात? धबधब्यावर? मॅडम, डोकं ठिकाणावर आहे का?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला हसून चालणार नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं डोळ्यांदेखत वाहून गेली. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या समुद्रात पुण्याचे महाविद्यालयीन विद्यार्थी सहलीला गेले असताना बुडाले आणि त्यानंतर शाळा-महाविद्यालयांच्या सहलींचे नियम कडक झाले. ते व्हायलाच हवे होते. सप्टेंबर २०२५ ची मराठवाड्यातली अतिवृष्टीही आपण विसरलेलो नाही. म्हणून मी जे म्हणते आहे त्यात पाण्यात उतरणं नाही, कड्यावर चढणं नाही आणि धबधब्याखाली भिजणं तर अजिबात नाही. धबधबा लांबून बघायचा. पाण्यात उतरलेल्या लेकराला धबधबा दिसतच नाही, त्याला फक्त पाणी दिसतं.

माझी सूचना अशी. पहिली-दुसरीनं गावाबाहेर जायचंच नाही. भालचंद्र गणपतीच्या मंदिरापासून ओढ्याच्या पुलापर्यंत चालायचं, एवढा त्यांचा ट्रेक. तिसरी-चौथीनं गावाजवळच्या माळावर जायचं, दिशा ओळखायच्या, दगड-पानं गोळा करायची. त्यासाठी २०२४ पासून आलेला 'आनंददायी शनिवार' हातात आहेच. कपिलधार किंवा सौताडा फक्त पाचवीच्या पुढच्यांसाठी आणि तेही पालकांना बरोबर घेऊन. एका मोठ्या माणसाच्या हातात एक किंवा दोनच हात. मुख्याध्यापकांची आणि शाळा व्यवस्थापन समितीची संमती, वरिष्ठ कार्यालयाची लागेल ती परवानगी, लेखी संमतीपत्र, प्रथमोपचार पेटी, शिट्टी, आणि दर थांब्यावर मोजणी. दोन शनिवार हाताशी राखून ठेवायचे. हवामान खात्याचा इशारा असेल किंवा डोंगरमाथ्यावर ढग दाटले असतील तर त्या दिवशी निघायचंच नाही. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वर पाऊस झाला की ओढा अचानक फुगतो, हे लेकरांना आधी वर्गात शिकवायचं. शेवाळलेला खडक, कड्याची कडा आणि मोबाईलचा सेल्फी, या तिन्हींपासून चार हात लांब राहायचं. एवढं करूनही कुणा पालकाचं मन धजत नसेल तर त्यांचा नकार मानायचा आणि त्या लेकराला माळावरच्या फेरीत आवर्जून घ्यायचं.

पालकांना बरोबर घ्या म्हणते, त्यामागं सुरक्षेशिवाय आणखी एक कारण आहे. या डोंगराचे खरे जाणकार तेच आहेत. कोणत्या घळीत उन्हाळ्यापर्यंत पाणी राहतं, कोणत्या वाटेनं पूर्वी बाजाराला जायचे, कोणत्या पाल्याचा रस जखमेवर लावतात, हे आपल्या डीएडच्या पुस्तकात नव्हतं. शाळेच्या बैठकीत मागं, दाराजवळ बसणारा बाप डोंगरात गेला की सगळ्यांच्या पुढं चालायला लागतो. लेकरू त्याच्याकडं त्या दिवशी वेगळ्या नजरेनं बघतं. दोन महिन्यांनी तोच बाप कोयता घेऊन निघणार असतो. वर्षातला एक दिवस त्याला आपल्या लेकरासमोर जाणता माणूस म्हणून चालू द्यायला आपलं काय जातं?

आणि चालणं आपल्याला नवं नाही. कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला लांबलांबून पायी दिंड्या येतात. पैठणहून निघणारी नाथांची पालखी आषाढीला जाताना याच बालाघाटाचे घाट चढून पुढं जाते. आपल्या आज्या-पणज्यांनी हे डोंगर पायाखाली घातले आहेत. मधल्या काळात फक्त शाळेनं तेवढी ही वाट सोडली.

शिक्षक मित्रांनो, या वर्षीचं नियोजन करताना एवढंच करा. सहलीच्या रकान्यात महिना लिहिण्याआधी हजेरीपत्रक उघडा आणि स्वतःला विचारा, 'त्या दिवशी माझी किती लेकरं गावात असतील?' जो महिना सगळ्यात जास्त लेकरं देतो, तोच सहलीचा महिना. पालकहो, तुमच्यासाठी निरोप असा, की वर्गणी नको, नवे कपडे नकोत. भाकरी, ठेचा, पाण्याची बाटली आणि तुमचा एक दिवस द्या. टोळी निघायला अजून वेळ आहे.