दोष कोणाचा?

यंत्र सुरळीत चालू असते तोवर त्याच्याविषयी कोणी विचार करीत नाही. ते बंद पडले म्हणजे मात्र घरातील प्रत्येक जण तज्ज्ञ होतो. कोणी त्यावर थाप मारून पाहतो, कोणी ‘हे आता गेलेच’ असा निर्वाळा देतो, तर कोणी ‘शेवटचा हात कोणी लावला?’ असे विचारतो. या तीन वृत्तींपैकी तिसरी सर्वांत घातक आहे, असे आमचे अनुभवान्ती मत झाले आहे. तो अनुभव सांगून त्यावरून सुचलेले चार विचार वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही काही मित्रांनी रामाकोन्यात एक खेळाची पेटी तयार केली. अशा पेट्यांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. 1972 साली अमेरिकेत ‘पाँग’ हा पडद्यावरील चेंडूफळीचा खेळ निघाला. 1978 साली जपानमधून ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आणि 1980 साली ‘पॅक-मॅन’ आला. नाणे टाकून उभ्याने खेळावयाच्या या पेट्यांना ‘आर्केड’ म्हणत. पुढे 1997 साली ‘मेम’ नावाचा प्रोग्राम निघाला आणि त्या पेट्यांतील यंत्रणेची नक्कल साध्या संगणकावर करता येऊ लागली. आम्ही सुताराकडून लाकडी पेटी करवून घेतली, आत एका नातलगाचा जुना संगणक बसविला, आणि पुढील फळीवर दोन जॉयस्टिक व प्रत्येकीशेजारी सहा बटणे लावली. दोन्ही बाजूंना एकेक छोटे सर्किट होते. बटण दाबल्याची वर्दी यूएसबी पोर्टातून संगणकाला देणे, हे त्या सर्किटाचे काम.

पंधरा दिवस खेळ रंगला. मग एके सायंकाळी उजवीकडील जॉयस्टिक एकाएकी निर्जीव झाली. त्या बाजूची चार बटणेही दाद देईनात. शेवटी खेळत होता तो आमच्यातील एका मित्राचा आठ वर्षांचा धाकटा भाऊ. त्यानेच दांडा पिरगाळला असणार, असे आम्ही ठरविले. तो रडत ‘मी काही केले नाही’ म्हणत राहिला. आम्ही त्याला आठ दिवस खेळाबाहेर ठेवण्याची शिक्षा दिली, आणि नवी जॉयस्टिक व नवे सर्किट मागविण्यासाठी वर्गणी गोळा करू लागलो. ना साक्ष, ना पुरावा, आणि निकाल मात्र तयार!

या वेळी आम्हांस वाट दाखविली ती संत्र्यांच्या बागांतील मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींनी. त्यांनी जॉयस्टिक उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. पण आमची हकिकत ऐकून ते एवढेच म्हणाले, “पोट्टेहो, मोटर विहिरीतून काढाच्या आंधी फ्यूज पाहा लागते.” आमच्या भागातील शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. पंप बंद पडला की तो प्रथम वीज पाहतो, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग तार; आणि हे सारे निर्दोष ठरले तरच विहिरीत उतरतो. सोपे व स्वस्त ते आधी, अवघड व खर्चिक ते शेवटी. दोषशोधनाचे सारे शास्त्र या एका वाक्यात आले आहे.

मग आम्ही वही काढली आणि क्रमाने तपासणी सुरू केली. संगणक चालू होत होता. म्हणजे वीज ठीक. डावी बाजू खेळत होती. म्हणजे प्रोग्रामही ठीक. उरले उजवे सर्किट, तारा आणि स्विच. दोन्ही सर्किटांची आम्ही अदलाबदल केली. सर्किट बिघडले असते, तर त्याच्याबरोबर दोषही डावीकडे गेला असता. दोष उजवीकडेच राहिला. सर्किट निर्दोष ठरले! आता तारा. जॉयस्टिकच्या तळाशी चार दिशांचे चार छोटे स्विच असतात. ते आणि सर्व बटणे मिळून एक सामाईक तार माळेसारखी एकातून दुसऱ्यात ओवलेली असते. मल्टिमीटरचे एक टोक सर्किटाशी धरून दुसरे टोक एकेका बटणाला लावीत गेलो. पहिल्या बटणापाशी शिटी वाजली, दुसऱ्यापाशी वाजली, तिसऱ्यापाशी थांबली. दुसऱ्या बटणावरील तारेचे थिंबल सैल होऊन निघाले होते. माळेचा दोरा एका ठिकाणी तुटला, की पुढचे सारे मणी गळतात; तसेच येथे झाले होते. ते थिंबल पकडीने नीट न दाबता कोणी बसविले होते? आम्हीच!

पुढे आणखी दोन दुखणी निघाली. कधी कधी संगणक नव्याने सुरू केला की डावीकडच्या जॉयस्टिकने उजवीकडचा खेळाडू हालू लागे. सर्किटे दोन्ही एकाच जातीची. संगणकाला जे आधी सापडेल त्याला तो पहिला क्रमांक देई. कोणते सर्किट कोणत्या खेळाडूचे, हे प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये एकदा बांधून दिल्यावर ती तक्रार मिटली. दुसरे दुखणे ‘पॅक-मॅन’चे. वळणावर तो अडखळे, आणि आम्ही जॉयस्टिकला नावे ठेवीत असू. वास्तविक तो खेळ चार दिशांचा, आणि आमची जॉयस्टिक आठ दिशांची. दांडा तिरपा गेला की दोन स्विच एकदम दबत. तळाची चौकट फिरवून ती चार दिशांपुरती केली आणि अडखळणे थांबले. येथे तर काहीच बिघडलेले नव्हते. दोष नसतानाही दोष दिसू शकतो, हा धडा लहान नव्हे.

यावर कोणी म्हणेल की, खेळात वेळ दवडणाऱ्यांनी तत्त्वज्ञान सांगू नये. खेळण्यात गेलेल्या तासांची वकिली आम्ही करीत नाही. दुरुस्तीत गेलेल्या तासांची मात्र अवश्य करतो. प्रयोगशाळेत आम्ही जो प्रयोग करतो, त्याचे उत्तर पुस्तकात आधीच छापलेले असते. बिघडलेल्या यंत्राचे उत्तर कोठेही छापलेले नसते. तेथे तर्क करावा लागतो, एका वेळी एकच गोष्ट बदलावी लागते, काय बदलले ते लिहून ठेवावे लागते, आणि आपला तर्क चुकला तर तो मुकाट्याने सोडावा लागतो. विज्ञानाची याहून चांगली शिकवण आम्हांस ठाऊक नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: विजेच्या वस्तूंना मुलांनी हात लावू नये. तो आम्हांस अंशतः मान्य आहे. बटणांच्या तारांत पाच व्होल्टहून अधिक दाब नसतो, तरी पेटी उघडण्यापूर्वी प्लग काढावाच. संगणकाची पॉवर सप्लायची डबी आणि जुना काचेच्या नळीचा मॉनिटर मात्र कदापि उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्या नळीत हजारो व्होल्टचा दाब शिल्लक राहू शकतो. ते काम जाणत्याचेच. आपली मर्यादा ओळखणे हाही दोषशोधनाचाच भाग आहे.

म्हणून आमची गुरुजनांना नम्र सूचना आहे की, शाळेत एक फळी ‘बिघडलेल्या वस्तूंची’ असावी. बंद पडलेले कॅल्क्युलेटर, माऊस, कीबोर्ड, बॅटऱ्या तेथे ठेवाव्यात. शेजारी एक वही असावी, आणि आठवड्यातून एक तास शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी त्या तपासाव्यात. सर्वच दुरुस्त होतील असे नाही. पण ‘टाकून द्या, नवे आणा’ म्हणण्यापूर्वी ‘का बिघडले?’ असे विचारण्याची सवय तरी लागेल.

आणि ही सवय यंत्रांपुरती राहू नये. वर्गात वस्तू हरवली, सामन्यात हार झाली, घरात काही फुटले, की आपले बोट प्रथम सर्वांत लहान आणि सर्वांत दुबळ्या माणसाकडे वळते. कारण फ्यूज पाहण्यापेक्षा ते सोपे असते. आम्ही त्या मुलाची क्षमा मागितली. आता आमची तपासणीची वही त्याच्याच हाती असते. सैल तार पाच मिनिटांत जोडली गेली; त्याचा रुसवा निघण्यास मात्र पुष्कळ दिवस लागले.